स्प्राइट शीट: डागडुजी करावी की कॅसेटमधून नव्याने काढावी?

इंदूरला रामबागेत किंवा लोकमान्य नगरात माळा आवरायला काढला, की टीव्ही गेमच्या पिवळ्या कॅसेटी अजून हाती लागतात. त्याच खेळांच्या स्प्राइट शीट, म्हणजे पात्राच्या सगळ्या पोझ एकाच चित्रात मांडलेल्या फायली, पुष्कळांच्या जुन्या हार्ड डिस्कवर पडून असतात. त्यांची अवस्था बहुधा वाईट असते: कडा धुरकट, रंग शेकड्यांनी, पात्राभोवती गुलाबी झाक. अशी शीट जपायची तर तीन वाटा आहेत. आहे तीच शीट साफ करायची, एम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) खेळ चालवून स्प्राइट पुन्हा टिपायचे, किंवा रॉम फाइलमधून, म्हणजे कॅसेटमधल्या माहितीच्या प्रतीतून, टाइल (चित्राचे छोटे चौकोनी तुकडे) थेट वाचायच्या. कॅसेट हाताशी असेल तर आमचा कौल दुसऱ्या वाटेला आहे. पण आधी हातातली शीट तपासा. दहा मिनिटांचं काम आहे.

आधी रंग मोजा

निन्टेंडोचा फॅमिकॉम हा टीव्ही गेम १९८३ साली जपानमध्ये आला आणि १९८५ साली एनईएस नावाने अमेरिकेत गेला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आलेले टीव्ही गेम बहुतेक त्याच्याच नकला. या यंत्रात स्प्राइटसाठी चार पॅलेट, म्हणजे रंगसंच, असतात आणि प्रत्येकात तीन रंग व एक पारदर्शक. म्हणजे एका वेळी पडद्यावर स्प्राइटचे फार तर बारा रंग. तुमच्या शीटवरच्या एकाच पात्रात दोनशे रंग निघाले, तर ती बहुधा कधीतरी जेपीईजीतून गेली आहे. आज तिच्या नावापुढे पीएनजी (काहीही न गाळणारा प्रकार) असलं तरी. रंगांची संख्या इमेजमॅजिक हे चित्रांचं सॉफ्टवेअर एका आज्ञेत सांगतं.

हा निकाल फार महत्त्वाचा आहे. जेपीईजी चित्राचे ८×८ चे चौकोन करून त्यातला बारीक तपशील टाकून देतं, आणि बहुतेक वेळा रंगांची माहिती रुंदीत व उंचीत निम्मी करतं. गेलेलं परत येत नाही. अशा शीटची ‘सफाई’ म्हणजे खरं तर अंदाजाने पुन्हा रेखाटणं. ते करू नये असं नाही, पण फाइलवर तसं लिहून ठेवावं. नाहीतर पुढचा माणूस तुमचा अंदाज मूळ समजून पुढे वापरतो.

पहिली वाट: आहे ती शीट साफ करणं

रंग मोजके निघाले आणि दोष फक्त आकाराचा किंवा पार्श्वभूमीचा असेल, तर ही वाट सर्वांत स्वस्त. पिक्सेल-चित्रांच्या सॉफ्टवेअरपैकी लिब्रेस्प्राइट फुकट आहे, एसप्राइट विकत मिळतं. या कामाला दोन्ही चालतात.

चित्र आठपट मोठं करून पाहा. मूळचा एक पिक्सेल सगळीकडे सारख्या चौकोनाएवढा दिसला, समजा ३×३, तर शीट ‘निअरेस्ट नेबर’ (रंग न मिसळता जवळचा पिक्सेल उचलणाऱ्या) पद्धतीने एक तृतीयांश करा. त्याआधी डावी आणि वरची कड चौकोनांच्या रेषेवर येईल अशी कापून घ्या. काही पिक्सेल दोन रुंद, काही तीन, असं दिसलं तर चित्र अडीचपट ताणलेलं आहे: २५६ चे ६४०. संपूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट असेल तर तोही निअरेस्ट नेबरने २५६ वर बिनचूक येतो. पण तुकडे कापून शीट जुळवलेली असेल तर प्रत्येक तुकड्याची जाळी वेगळ्या जागी सुरू होते. मग सगळी शीट एकदम लहान केली की कुणाचा डोळा जातो, कुणाचं बोट. तुकडे एकेक करूनच लहान करावे लागतात.

गुळगुळीत करणाऱ्या फिल्टरने मोठी केलेली शीट मात्र बहुतेक वेळा वाया गेलेली असते. स्केल-३-एक्स (तिप्पट करणारा एक फिल्टर) हा एक दिलासा: त्यात प्रत्येक ३×३ चौकोनाचा मधला पिक्सेल मूळचाच राहतो, तेवढे उचलले की चित्र परत मिळतं.

पार्श्वभूमी काढताना जादूच्या कांडीचा (एकसारखा रंग निवडणाऱ्या साधनाचा) टॉलरन्स, म्हणजे रंगातल्या फरकाची मुभा, शून्य ठेवा, अँटी-अ‍ॅलायझिंग (कडा गुळगुळीत करणं) बंद, आणि फक्त सलग भाग निवडा. काळ्या पार्श्वभूमीवर काळ्या रेघेचं पात्र असेल तर सलग निवडही रेघ खाते; तिथे हाताने बाह्यरेषा राखावी लागते. मग चित्र इंडेक्स्ड (ठरावीक रंगांच्या यादीवर बांधलेलं) करा, आणि डिथरिंग (ठिपक्यांनी मधला रंग भासवणं) बंद आहे ना हे दोनदा पाहा. इथली सर्वांत मोठी चूक वेगळीच असते: बुटाचा काळा आणि केसांचा काळा दिसायला एकच, पण पॅलेटमध्ये दोन वेगळ्या खणांत असू शकतात. सॉफ्टवेअर ते एकत्र करतं. पुढे पॅलेट बदलून दुसरा खेळाडू रंगवायला गेलं की बुटाबरोबर केसही रंगतात.

दुसरी वाट: एम्युलेटरमधून पुन्हा टिपणं

मेसेन या एम्युलेटरमध्ये स्प्राइट व्ह्यूअर आहे. खेळ थांबवून एकेक फ्रेम पुढे सरकवली, की त्या क्षणाचे सगळे ६४ स्प्राइट (यंत्राच्या हिशेबात पात्राचे छोटे तुकडे) रंगांसकट दिसतात. फिल्टर बंद, आकार एकपट, गुणोत्तर न ताणलेलं, ओव्हरस्कॅनची (टीव्हीवर न दिसणाऱ्या कडांची) काटछाट शून्य, आणि पार्श्वभूमीचा थर बंद, एवढं आधी लावून घ्या. यंत्राला एका आडव्या रेषेवर आठच स्प्राइट दाखवता येतात, म्हणून गर्दीत पात्रं लुकलुकतात आणि स्क्रीनशॉटमध्ये पाय गायब होतो. एम्युलेटरमध्ये ही मर्यादा काढता येते. पण काही खेळ याच मर्यादेचा वापर करून पात्र मुद्दाम झाकतात, म्हणून दोन्ही प्रकारे टिपून ताडून पाहा.

इथे रंगांचा एक पेच आहे. एनईएस टीव्हीला थेट संमिश्र (कॉम्पोझिट) सिग्नल देतो. लाल-हिरव्या-निळ्याचे आकडे त्यात नसतातच. त्यामुळे ‘खरा’ पॅलेट एकच असा नाही, दर एम्युलेटरचा आपापला असतो. कोणता वापरला त्याचं नाव नोंदवा आणि पूर्ण संग्रहाला तोच ठेवा.

कॅसेटमधून रॉम काढायचा असेल तर नकलांच्या कॅसेटी ६० पिनांच्या असतात, एनईएसच्या ७२ च्या. कॅसेट वाचणाऱ्या रीडरला तशी खाच हवी. पिना ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसा. फुंकर मारू नका, खोडरबरानेही घासू नका, मुलामा निघतो. एकच कॅसेट दोनदा वाचा. दोन्ही फायलींचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) जुळला नाही तर पिना अजून मळलेल्या आहेत. ‘९९९९ इन १’ छापाच्या कॅसेटींत मात्र मेमरी बदलण्याची तऱ्हा विचित्र असते. रीडर पहिला खेळ नीट देतो आणि पुढे कचरा, असं होऊ शकतं. दोष मळाचा नसल्याने कितीही पुसलं तरी फरक पडत नाही.

तिसरी वाट: रॉममधून थेट

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची फाइल ४०,९७६ बाइटची: हेडर (फाइलची ओळख सांगणारा भाग) १६, प्रोग्राम ३२,७६८, चित्रं ८,१९२. एक टाइल १६ बाइट, म्हणजे ५१२ टाइल. वायवाय-सीएचआर या टाइल पाहण्याच्या प्रोग्राममध्ये त्या लगेच दिसतात, खेळात कधीच न येणाऱ्याही. पण रंग त्यांना चिकटलेले नसतात. या खेळातला ढग आणि झुडूप एकाच टाइलांचे आहेत, फरक फक्त पॅलेटचा. शिवाय छोटा मारिओसुद्धा चार टाइल जुळवून होतो, तो नकाशा तुम्हालाच बांधावा लागतो. ‘काँट्रा’च्या अमेरिकी आवृत्तीत तर चित्रं दाबून प्रोग्रामच्या भागात ठेवलेली आहेत, ती थेट दिसतच नाहीत. म्हणून ही वाट न वापरलेल्या टाइल शोधायला आणि दुसऱ्या वाटेने टिपलेलं पडताळायला ठेवावी.

टीव्ही गेमची एव्ही वायर कॅप्चर कार्डाला जोडून चित्र घेणं ही चौथी वाट कुणी सुचवेल. संमिश्र सिग्नलमध्ये रंग शेजारच्या पिक्सेलवर पसरतात. घेऊ नका.

ठेवायचं कसं

मिळालेली मूळ शीट जशीच्या तशी एका फोल्डरमध्ये, साफ केलेली दुसऱ्यात. पहिलीला कधीच हात लावायचा नाही. साफ प्रत इंडेक्स्ड पीएनजीत, एकपट आकारात. पीएनजी लहान करणारी साधनं पॅलेटचा क्रम बदलतात, रंगांची फेररचना बंद करूनच ती चालवा. सोबत साधी टेक्स्ट फाइल: खेळ, कुठली आवृत्ती, कुठला एम्युलेटर, पॅलेट, तारीख, मूळ शीट कुणी काढली त्याचं नाव. चित्रांचे हक्क खेळाच्या कंपनीकडेच राहतात, तेव्हा घरचा संग्रह आणि विक्रीचा माल यांत गल्लत नको.

मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा. फोटो म्हणून गेली की जेपीईजी झाली. तीन प्रती ठेवा, त्यांतली एक घराबाहेर. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं खणात पडला तर भरवशाचा राहत नाही, आणि पावसाळ्यात सीडीवर बुरशी चढते. हार्ड डिस्क सिलिका जेलबरोबर बंद डब्यात बरी. दर दिवाळीला घर आवरलं जातंच, तेव्हा डिस्क जोडून प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश पुन्हा काढून आधी नोंदवलेल्याशी ताडा, आणि जी जुळणार नाही ती दुसऱ्या प्रतीवरून उतरवून घ्या.