मोती साबणाची जाहिरात: साबण ठीक, आरोळी एक नंबर

दसरा झाला की आमच्या वाण्याच्या काउंटरवर मोतीची खोकी रचलेली दिसतात, गुलाब आणि चंदन, आणि घरात कोणीतरी म्हणतंच, "उठा उठा दिवाळी आली". पुढची ओळ लिहायची गरज नाही, तुम्ही मनात म्हणून मोकळे झालात. तर हा रिव्ह्यू साबणाचा कमी आणि त्या टीव्हीवरच्या जाहिरातीचा जास्त आहे.

साबणाचं पटकन सांगते. गोल, जाडजूड, वास मस्त, पोरांच्या एका हातात काही मावत नाही. मूळचा टाटांच्या टॉमकोचा (म्हणजे टाटा ऑइल मिल्स कंपनी), 1993 साली टॉमको हिंदुस्तान लिव्हरमध्ये गेली तेव्हा मोतीपण तिकडे गेला. झालं.

आता जाहिरात. सणाच्या बाकी जाहिराती बघा ना, मागे पियानो, मग व्हायोलिन, परदेशातला मुलगा सरप्राइज द्यायला दारात उभा, आई पदराने डोळे पुसतेय, आणि शेवटी कळतं की हे सगळं फ्रिजसाठी होतं 😄 इथे तसलं काही नाही. एक म्हातारे अलार्म काका, पहाटेचा अंधार, सगळ्यांची दारं आणि ती हाक. आणि विनोद कुठेय तर तो आपल्यातच आहे, कारण नरक चतुर्दशीला चारला उठायचंय हे सगळ्यांना माहीत असतं आणि उठायचं कोणालाच नसतं, आई उटणं घेऊन उभी, बाहेर कारेटं ठेवलेलं, आणि आपण अजून गोधडीत.

बरं त्यात चाल अशी काही नाहीच खरं तर. मी बोटांवर मोजलं, पहिल्या ओळीत नऊ अक्षरं, दुसरीत ("मोती स्नानाची वेळ झाली") पण नऊ, आली-झाली यमक, बास. पण "उठा उठा" हे शब्द काही कोणा एजन्सीवाल्याचे नाहीत, गणपतीची भूपाळी पण "उठा उठा हो सकळिक" अशीच सुरू होते. म्हणजे आपल्या कानांना पिढ्यानपिढ्या या दोन शब्दांनी जागं व्हायची सवय आहे, जाहिरातवाल्यांनी फक्त देवाच्या जागी साबण ठेवला. जरा आगाऊपणाच आहे म्हणा, पण चपखल बसलाय. म्हणून तर वाद्यं लागत नाहीत, घरातला कितीही बेसूर माणूस ते ओरडू शकतो (आमचे हे).

अलार्म काका म्हणजे विद्याधर करमरकर. 2022 मध्ये गेले, नव्वदी पार केलेली. तेव्हा बातमीत त्यांची ओळख हीच दिली होती, आणि मला ते काही कमी वाटलं नाही. चेहऱ्यावर विकायला आल्याचा भाव अजिबात नाही, शेजारचे आजोबाच वाटतात.

एकच तक्रार, चॅनलवाल्यांची. मालिकेच्या एका ब्रेकमध्ये तीच जाहिरात तीनदा लावली तर काकांवरचं प्रेम पण आटतं हो.

मागच्या दिवाळीत लेकाने हौसेने तीच ओळ फोनला अलार्म म्हणून लावली, पहाटे चारची. सासूबाई उठल्या, मी उठले, खालच्या मजल्यावरच्या काकू उठल्या, आणि हा पठ्ठ्या साडेसातला विचारतो, "वाजला होता का?"