जहाजावर नोकरी लावून देणाऱ्या एजंटची फाइल

जहाजावर नोकरी लावून देण्याचे पैसे कोणी मागितले, तर तिथूनच उठा. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण पुढचं वाचायला वेळ नसलेला एखादा मुलगा आत्ता पैसे भरायला निघालेला असेल. बाकीच्यांनी सावकाश वाचा. माझी फसवणूक कोर्स, करार, जहाज आणि पगार अशा सगळ्या टप्प्यांवर झाली आणि प्रत्येक वेळी माझ्या हातात एक रीतसर दिसणारा कागद होता.

कोर्सपासून सांगतो. खलाशांचं प्रशिक्षण कसं असावं हे एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय कराराने ठरवून दिलंय. करार १९७८चा, १९८४पासून लागू, आणि २०१०मध्ये मनिलाला त्यात मोठ्या सुधारणा झाल्या. त्यातलं 'बेसिक' म्हणजे समुद्रात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार आणि जहाजावरची सुरक्षितता व जबाबदाऱ्या. पहिल्या दोन गोष्टी वर्गात बसून येत नाहीत. लाइफजॅकेट घालून उंचावरून पाण्यात उडी मारायची, उलटा पडलेला लाइफराफ्ट, म्हणजे जीव वाचवायचा फुगवता तराफा, पाण्यात राहूनच सुलटा करायचा, पाण्यातून त्यात चढायचं, जॅकेट नसताना तरंगत राहायचं. श्वसनयंत्र लावून धुराच्या खोलीत शिरायचं. हे करून दाखवलं तरच सर्टिफिकेट, असा नियम आहे. आणि दर पाच वर्षांनी हे कौशल्य टिकून आहे हे पुन्हा दाखवावं लागतं.

मी कोर्स केला त्या संस्थेत पाणी होतं ते पिण्याच्या पिंपातलं. मागच्या मोकळ्या जागेत अर्धी हवा गेलेला एक राफ्ट पडलेला होता. चौघाचौघांनी त्यात बसायचं, नारिंगी जॅकेट चढवायची, फोटो काढायचा, जॅकेट उतरवून पुढच्या चौघांना द्यायची. जॅकेटना शिट्टीची दोरी होती, शिट्टी एकालाही नव्हती. आग विझवण्याचा एकच सिलिंडर सगळ्यांच्या हातांतून फिरला. त्याची पिन काढायला सक्त मनाई होती, कारण वापरला की पुन्हा भरून आणायचा खर्च. हजेरीपटावर सगळ्या दिवसांच्या सह्या एकदमच घेतल्या.

"सर, पाण्यातलं कधी?" असं मी विचारलं होतं. "जहाजावर गेलास की बोसन शिकवतो सगळं," हे उत्तर. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. हे उत्तर तुम्हालाही मिळेल, म्हणून सांगतो: बोसन काही शिकवत नाही. जहाजावर दाखवतात ते त्या जहाजाचे रस्ते, अलार्म, तुझी बोट कुठली आणि तुझी जागा कुठली. पाण्यात कसं जगायचं हे तुला येतं असं गृहीत धरूनच तुझं नाव मस्टर लिस्टवर, म्हणजे आणीबाणीत कोणी कुठे जायचं त्या यादीवर, चढतं.

सर्टिफिकेट मात्र देखणं होतं. शिक्का, होलोग्राम, क्यूआर कोड. मी तो कोड स्कॅन केला आणि माझं नाव, फोटो, नंबर असलेलं पान उघडलं. वर सागरी प्रशासनाचं बोधचिन्ह. आता याहून जास्त खात्री माणूस काय करणार? ते पान एजंटनेच बनवून घेतलेलं होतं, हे नंतर कळलं. कोड छापणारा तोच, कोड जिथे नेतो ती जागाही त्याचीच. एसटीसीडब्ल्यूखाली प्रत्येक देशाला दिलेल्या सर्टिफिकेटांची नोंद ठेवावी लागते आणि १ जानेवारी २०१७पासून ती माहिती ऑनलाइन तपासता येईल अशी द्यावी लागते. तेव्हा प्रशासनाच्या वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करा आणि नंबर तिथे घाला. कागदावरचा कोड त्यासाठी वापरू नका. आणि हे कोर्सची फी भरण्याआधी करायचं असेल, तर मान्यताप्राप्त संस्थांची यादी त्याच वेबसाइटवर असते. संस्थेचं नाव यादीतल्या नावासारखं असून भागत नाही, पत्त्यासकट तेच असावं लागतं.

मग पैसे. खलाशांच्या कामाच्या अटींचा करार म्हणजे एमएलसी, २००६. तो २० ऑगस्ट २०१३पासून लागू आहे आणि शंभराहून जास्त देशांनी तो मान्य केलाय. त्यात स्पष्ट लिहिलंय की नोकरी लावण्याबद्दल खलाशाकडून प्रत्यक्ष किंवा आडून, पूर्ण किंवा थोडीही फी घ्यायची नाही. खलाशाने स्वतः करायचे खर्च तीनच: मेडिकल सर्टिफिकेट, सीडीसी म्हणजे खलाशाचं पुस्तक, आणि पासपोर्ट किंवा तसाच प्रवासाचा कागद. व्हिसाचा खर्चसुद्धा जहाजमालकाचा. माझ्याकडून व्हिसाचे, 'फाइल'चे आणि 'जागा धरून ठेवण्याचे' असे वेगवेगळे पैसे घेतले, आणि पावती दिली ती 'प्रशिक्षण शुल्क' या एकाच नावाची. तक्रार करायला गेल्यावर या पावतीची करामत लक्षात येते: कागदोपत्री मी नोकरीसाठी एक पैसाही दिलेला नाही!

जहाजाबद्दलही मी चौकशी केली होती. नियुक्तीपत्रात जहाजाचा आयएमओ नंबर होता. हा सात आकडी नंबर जहाजाला जन्मभर एकच असतो, नाव बदललं, झेंडा बदलला तरी तोच. त्यातली पहिली खूण घरबसल्या तपासता येते. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ने गुणायचं आणि बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा आकडा हाच सातवा आकडा असतो. ९०७४७२९ घ्या: ६३, ०, ३५, १६, २१, ४, बेरीज १३९, शेवटी ९. जुळलं. माझ्याबरोबरच्या एकाच्या पत्रातला नंबर इथेच आपटला. माझा जुळला. इक्वेसिस या जहाजांची माहिती देणाऱ्या मोफत साइटवर जहाज सापडलं, बऱ्या स्थितीतलं, तपासण्यांचा इतिहासही ठीक.

फक्त त्या जहाजावर मला कधीच पाठवायचं नव्हतं. विमानात बसायच्या आदल्या रात्री फोन आला, "व्हेसल चेंज झालंय, तेच काम, तोच पगार." त्या वेळी घरून निरोप घेऊन झालेला असतो, पैसे गेलेले असतात आणि एजंटला हे चांगलं ठाऊक असतं. ऐनवेळी जहाज बदलणं या धंद्यात खरोखरही होतं, म्हणून ते खपतं. बदललेल्या जहाजाचाही नंबर मागा, तोही तपासा, आणि करार नवा मागा.

करार दोन होते. घरी दाखवलेला एक, आणि जहाजावर पोचल्यावर कॅप्टनच्या केबिनमध्ये सही करायला लावलेला दुसरा, कमी पगाराचा. पहिला जहाजाच्या फाइलमध्ये, तपासणीला येणाऱ्यांसाठी. पगार मात्र दुसऱ्याप्रमाणे. एमएलसीप्रमाणे सही करण्याआधी करार वाचायला, कोणाला विचारायला वेळ मिळालाच पाहिजे आणि सह्या झालेली प्रत खलाशाकडे राहिली पाहिजे. माझ्याकडे पहिल्याचा मोबाइलवर काढलेला फोटो होता. तो पुढे फार उपयोगी पडला.

जहाजावरचं सगळं सांगत बसत नाही, गंजलेल्या रेलिंगांचं रडगाणं कोणालाही गाता येतं. विश्रांतीच्या तासांचं मात्र सांगतो. नियम असा की कोणत्याही २४ तासांत किमान १० तास विश्रांती, सात दिवसांत किमान ७७. दहा तासांचे दोनच तुकडे पाडता येतात आणि त्यातला एक सलग सहा तासांचा हवा. आम्ही रात्री जहाज धक्क्याला बांधायचो, लगेच हॅच म्हणजे मालाच्या कोठारांची झाकणं उघडायची, माल उतरला की होल्ड म्हणजे ते कोठार धुवायचं, आणि सकाळी वॉच म्हणजे पहाऱ्याची पाळी ठरलेलीच. तास भरायचे ते एका प्रोग्रॅममध्ये. खरे तास घातले की रकाना लाल होतो. चीफ ऑफिसर, म्हणजे कॅप्टनच्या खालचा अधिकारी, माझ्यादेखत एकेक लाल रकाना हिरवा होईपर्यंत कामाचे तास पुसायचा, मग छापून सहीला पुढे करायचा. बोटीच्या आणि आगीच्या कवायती दर महिन्याला व्हायला हव्यात. आमच्या व्हायच्या लॉगबुकात. एकदा खरंच अलार्म वाजला, इंजिन रूममध्ये धूर झाला होता. श्वसनयंत्राचा पट्टा कुठून कसा घ्यायचा हे माझ्यासकट तिघांना माहीत नव्हतं. धूर किरकोळ निघाला, म्हणून हे लिहायला आहे.

पगार थकायला लागला तेव्हा मी चीफ ऑफिसरकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, "कर ना तक्रार. इन्स्पेक्टर येईल तो आधी तुझंच सर्टिफिकेट बघेल."

तेव्हा मला सगळ्याचा जोड दिसला. इतके दिवस मी समजत होतो की कोर्सवाल्याने एक फसवणूक केली आणि जहाजवाल्याने दुसरी. पण असल्या जहाजाला असलीच माणसं हवी असतात. ज्याचं सर्टिफिकेट पोकळ आहे तो तासांबद्दल बोलत नाही, दोन करारांबद्दल बोलत नाही, पगार थकला तरी गप्प बसतो. एजंटने मला जे विकलं तो माझ्याच तोंडाला लावायचा बूच होता आणि त्याचे पैसेही माझ्याकडूनच घेतले. वर 'ब्लॅकलिस्ट करू' ही धमकी. अशा काळ्या याद्या ठेवायलाही एमएलसीत बंदी आहे, हे तेव्हा आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं.

वाट सापडली ती मेसच्या बाहेरच्या बोर्डावर. तिथे विम्याचा एक कागद लावलेला होता, रोज त्याच्यासमोरून जायचो. एमएलसीच्या २०१४च्या दुरुस्तीनुसार, म्हणजे १८ जानेवारी २०१७पासून, प्रत्येक जहाजाला असा विमा किंवा तशीच आर्थिक हमी ठेवावी लागते आणि त्याचा कागद खलाशांना दिसेल असा लावावा लागतो. दोन महिन्यांचा पगार थकला, किंवा मालकाने घरी पाठवायचा खर्च नाकारला, किंवा अन्नपाण्याविना सोडून दिलं, की कायद्याने ते खलाशाला वाऱ्यावर सोडणं ठरतं. मग विमा कंपनीने परतीचा प्रवास आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार द्यायचा असतो. जहाजावर चढल्या दिवशीच त्या कागदाचा फोटो काढून घरी पाठवून ठेवा. पुढे इंटरनेट असेलच असं नाही.

आम्ही काही जणांनी मिळून पुढच्या बंदरात आयटीएफच्या, म्हणजे वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, इन्स्पेक्टरला निरोप पाठवला. त्याआधी सीफेररहेल्पशी बोललो होतो, ही चोवीस तास चालणारी मोफत हेल्पलाइन आहे. मग बंदराच्या सरकारी अधिकाऱ्यांकडून जहाजाची तपासणी झाली. माझं सर्टिफिकेट बघितलंच, नोंद सापडली नाहीच. छाती धडधडत होती. पण केलेल्या कामाचा पगार त्यामुळे बुडाला नाही. जहाज अडवलं गेलं आणि विम्यातून तिकीट व चार महिन्यांपर्यंतचा पगार मिळाला. विम्याच्या लोकांनी करार मागितला तेव्हा मोबाइलमधला फोटो दिला. तास विचारले तेव्हा बंकखालची, म्हणजे झोपायच्या फळीखालची, वही दिली, तिच्यात मी रोजचे खरे तास लिहीत होतो. सहीच्या छापील तक्त्यांची प्रत मागणं हाही आपला हक्क आहे. मी मागितली, दिली नाही, आणि न देणं हेसुद्धा तपासणीच्या अहवालात नोंदवलं गेलं.

एजंटकडचे पैसे मात्र गेल्यात जमा आहेत. परवानाधारक भरती संस्थेला अशा नुकसानीसाठी विमा किंवा तशीच दुसरी तजवीज ठेवावी लागते, पण माझा एजंट परवानाधारक नव्हताच. त्याने दाखवलेला परवाना दुसऱ्याच कोणाचा होता. सागरी प्रशासनाने माझा जबाब घेतलाय, पोलिसांत गुन्हा नोंदलाय. 'प्रशिक्षण शुल्क' म्हणून घेतलेल्या पैशांत व्हिसा आणि फाइलचे पैसे होते हे सिद्ध करायला माझ्याकडे फक्त त्याचे दोन व्हॉइस मेसेज आहेत. तुमच्याकडे असे मेसेज असतील तर पुसू नका, आणि त्याच संस्थेतून कोर्स केलेले कोणी असाल तर आपापल्या सर्टिफिकेटचा नंबर आजच तपासून जबाब द्यायला या.