सेवाग्राम आश्रम : स्वतःसाठी काढलेला एक दिवस

कापसाची वेचणी, सासूबाईंचे आजारपण आणि अंगणवाडीचे काम यांत गेले चार महिने मला घटकाभरही निवांत बसायला सवड मिळाली नव्हती, म्हणून वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात मी एक अख्खा दिवस घालवला. १९३६ साली गांधीजी येथे राहायला आले तेव्हा या गावाचे नाव शेगाव होते.

मातीच्या भिंती आणि कवेलूंचे छप्पर असलेल्या बापू कुटीत बाहेरच्या उन्हाची धग एकदम कमी होते. गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी भिंतीवर मातीतून उठवलेल्या ताडाच्या झाडासमोर मी बराच वेळ बसले. कोणी उठवले नाही, काही विकायला आले नाही, आणि मनात साचलेले एकेक प्रश्न आपोआप सुटे होत गेले. सायंकाळची सर्वधर्म प्रार्थना उघड्या मैदानात होते, तिथे ना मूर्ती ना गाभारा. माझ्या मते ती चुकवूच नये.

दुपारी सहलींची वर्दळ वाढते, त्यामुळे शांतता हवी असेल त्यांनी सकाळी लवकर पोहोचावे. आणि विदर्भातला मे महिना मात्र टाळावा. दिवाळीनंतर मी आईलाही घेऊन जाणार आहे.