चिपाडाचा ब्लॉक, राखेचा ब्लॉक की भाजकी वीट?

दाजींना सांगलीजवळ कृष्णाकाठच्या भिलवडीला मळ्यात दोन खोल्या काढायच्यात आणि कुठलातरी व्हिडिओ बघून डोक्यात घेतलंय की चिपाडाच्याच (रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्याच्या) विटा वापरायच्या, "आपल्याकडं ऊस काय कमी हाय का" म्हणून. अजून कुणी याच विचारात असेल तर बघा.

चिपाडाचा ब्लॉक म्हंजे नुसतं फॅड नाय. आयआयटी हैदराबादनं 2021 ला कॅम्पसमधेच सिक्युरिटीवाल्याची केबिन शेतातल्या काडीकचऱ्याच्या विटांची उभी केली, चुन्यात कालवायचं, साच्यात दाबायचं, वाळवायचं, भट्टी लागतच नाय. वजन भाजक्या विटेच्या साधारण आठवा हिस्सा, आत हवा अडकलेली असती त्यामुळं खोली गार राहती. पण त्या केबिनला लोखंडी सांगाडा आहे आणि भिंतींना वरनं प्लास्टर, म्हंजे स्लॅबचा लोड या विटेवर नाय टाकायचा, कॉलम-बीमचा खर्च आलाच.

मी हौसेनं गुऱ्हाळावरचं ताजं चिपाड सिमेंटमध्ये कालवून चार ब्लॉक पाडले होते. चौथ्या दिवशी साचा उचलला तर कोपरा हातात आला, आत ओलंच, आंबूस वास, आणि खाली मुंग्यांची ही रांग! साखर राहिली की सिमेंट धरत नाय. चिपाड उकळून धुवून खडखडीत वाळवायचं, सिमेंटऐवजी चुना घ्यायचा, आणि ब्लॉक वाळायला महिनाभर तरी धरा. फुकट मिळंल ही आशा पण सोडा, कारखाने तेच जाळून वीज करतात, गुऱ्हाळवाला चुलाणात घालतो. राहिलं रसवंतीचं, त्यात लिंबाच्या साली निवडत बसा. (पाचटाला हात लावू नका, ते रानातच कुजूदे.)

राखेचा ब्लॉक मला जास्त भरवशाचा वाटतो. शिराळ्याकडं भात आहे, तूस जाळलं की वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढी राख उरती, त्यात बहुतेक सिलिका, नीट जळलेली असंल तर 10-20 टक्के सिमेंटच्या जागी चालती. घेताना चिमटीत चोळून बघा, राखाडी आणि मऊ पाहिजे, कुळकुळीत काळी असली तर कोळसा राहिलाय, ती पाणी पिती. तोंडाला फडकं बांधूनच कालवा.

भाजकी वीट सगळ्यांना माहितीये, जड, मातीखाऊ, धूर करणारी. तरी तिच्यात पण बऱ्याच ठिकाणी बगॅसची, म्हंजे चिपाडाचीच, राख नायतर तूस कालवलेलं असतंय.

आता खरी गोम पाण्याची. 2019 च्या पुरात सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा दाजींच्या गोठ्यात खिडकीच्या वर चिखलाची रेघ उठलेली, अजून आहे. चिपाडाचा ब्लॉक तसा आठवडाभर बुडला तर वाळणार कधी? म्हणून मी सांगितलं की खालच्या दोन्ही खोल्या भाजक्या विटेच्या, आतली पार्टिशन राखेच्या ब्लॉकची केली तर चालंल, आणि चिपाड फक्त माडीवर, तिथं हलकं वजन पण कामाला येतंय. जत-आटपाडीकडं मात्र मी बिनधास्त चिपाडच म्हणालो असतो, पूर नाय आणि ऊन रग्गड.

दाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि आता म्हणतायत, मग माडी काढूयाच की.