हाताने दाबायचं एस्प्रेसो मशीन : उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

बटण दाबलं की कॉफी, असं ज्यांना हवंय त्यांनी हे घेऊ नये. यात मोटर नाही, बॉयलर नाही, वायर नाही. किटलीत पाणी उकळायचं, कॉफीच्या पुडीवरच्या सिलिंडरमध्ये ओतायचं आणि दांडा खाली दाबायचा. एस्प्रेसोला, म्हणजे दाबाने काढलेल्या दाट कॉफीला, लागणारा नऊ बारच्या (हवेच्या दाबाच्या साधारण नऊपट) आसपासचा दाब आपला हात देतो. १९४० च्या दशकात मिलानच्या अकिले गाजियांनी वाफेऐवजी दट्ट्याने पाणी दाबलं आणि कपावर तो सोनेरी फेस, म्हणजे क्रेमा, दिसायला लागला. तत्त्व तेच.

मला हे यंत्र मनापासून आवडलंय, आणि त्याचं कारण हा दांडा आहे. १८ ग्रॅम कॉफी, कपात ३६ ग्रॅम, साधारण अर्धा मिनिट, हे माझं ठरलेलं माप. पण वजनकाट्याआधी हाताला कळतं. दळण जाड असेल तर दांडा अडखळत नाही, सरळ खाली जातो, दाबाचा काटा चार-पाचच्या वर चढत नाही, आणि कॉफी पातळ, आंबट उतरते. फार बारीक झालं तर सगळा भार टाकूनही थेंब थेंबच येतात आणि घोट कडू लागतो. नीट जमलं की पहिले थेंब गडद पडतात, मग धार मधासारखी बारीक होते, आणि रंग फिकट व्हायला लागला की मी हात सैल सोडते. विजेच्या साध्या मशीनवर हा दाब असा हातात राहत नाही.

पैसे मात्र ग्राइंडरवर घाला. बजेटचा निम्मा वाटा त्याला दिला तरी चालेल. मिक्सरच्या भांड्यात पूड आणि कण एकत्र येतात, पाणी सोपी वाट शोधून एकाच बाजूने निसटतं. चांगला हाताचा बर्र ग्राइंडर (दातेरी चकत्यांमध्ये बिया भरडणारा) घ्या, ज्याची जाडी-बारकी एक क्लिक फिरवली की शॉटची, म्हणजे एक कप उतरायची, वेळ दोन-तीन सेकंद हलते. पावसाळ्यात दळण बदलावं लागतं, कारण बिया हवेतला ओलावा धरतात. पुण्याच्या कोरड्या थंडीत उलट त्रास: पूड ग्राइंडरला चिकटून बसते. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एक थेंब फिरवला की चिकटणं थांबतं.

बिया चिकमगळूरच्या, मध्यम-गडद भाजलेल्या घेते. पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर घेत नाही. भाजल्यावर आठवडाभर तरी थांबावं, नाहीतर आतला वायू फेस नुसता फुगवतो. दुधाबरोबर मॉन्सून्ड मलबार अप्रतिम लागते: पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात ठेवलेल्या या बिया फुगून फिकट होतात, आंबटपणा जातो, शॉट जाड येतो. फिल्टर कॉफीची तयार पूड यात चालत नाही. ती जाड असते आणि बऱ्याचदा तिच्यात चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) असते.

खरी कटकट तापमानाची. धातूचा सिलिंडर थंड असला तर पाण्यातली ऊब तोच खातो. म्हणून आधी उकळतं पाणी ओतून तो तापवायचा, आणि डिसेंबरच्या सकाळी दोनदा. फिकट भाजलेल्या बियांना तर याशिवाय पर्यायच नाही. गडद बियांना पाणी उकळल्यावर मिनिटभर निवू दिलेलं बरं. बोअरच्या पाण्याचा क्षार फक्त किटलीत साचतो, तो सायट्रिक ॲसिडने निघतो. बॉयलर नसल्याचा हा मोठा फायदा. सिलिकॉनच्या रिंगांना अधूनमधून खाण्याला चालणारं ग्रीस लावायचं, की झालं.

वाफ नाही, त्यामुळे दूध फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे जाळीचा दट्ट्या असलेल्या कॉफीच्या भांड्यात, दट्ट्या वरखाली करून फेसाळते. कॅपुचिनो होते, पण कॅफेतल्यासारखा रेशमी फेस मिळत नाही. आणि एका वेळी एकच कप. शॉट, चोथा काढणं, धुणं, पुन्हा तापवणं यात पाहुणे ताटकळतात. चार जण आले की मी सरळ स्टीलचा फिल्टर काढते.