नील गाऊच्या विलापिकेचा माग: स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे डिजिटल संगीतदालन

स्कॉटिश फिडलवर (म्हणजे व्हायोलिनवर) वाजणाऱ्या आणि सरसकट ‘पारंपरिक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कितीतरी सुरावटी मुळात कुणा एका माणसाने रचलेल्या असतात आणि त्या माणसाचे नाव, गाव व काळ यांची नोंदही छापील स्वरूपात उपलब्ध असते. ती नोंद मूळ पुस्तकात पाहण्याची सोय एडिनबरा येथील स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आपल्या डिजिटल दालनात केलेली आहे. तेथील ग्लेन संग्रह आणि इंग्लिस संग्रह हे जुन्या संगीतपुस्तकांचे दोन मोठे साठे कोणतेही शुल्क न भरता पानोपानी चाळता येतात. अशा सेवेची पारख करायची, तर एखादी ठरावीक सुरावट घेऊन तिचा माग काढणे उत्तम, असे वाटून मी अठराव्या शतकातील फिडलवादक नील गाऊने आपल्या दुसऱ्या पत्नीच्या निधनानंतर रचलेली विलापिका निवडली.

ही सुरावट फिडलवादकांमध्ये इतकी मान्यता पावलेली आहे, की तिचे लांबलचक शीर्षक बहुतेकांना तोंडपाठ असते. विलापिका असूनही ती मेजर स्वरमालेत, म्हणजे आपल्याकडील बिलावल थाटाच्या स्वरांत बांधलेली आहे. दुःख कोमल स्वरांतूनच व्यक्त होते असे मानणाऱ्या कानाला ती पहिल्याप्रथम चकवते. दोन भागांची ही छोटी रचना संथ लयीत वाजते. तिचा कर्ता नील गाऊ १७२७ साली पर्थशायरमध्ये जन्मला आणि डंकेल्डजवळच्या इन्व्हर या खेड्यात राहिला. विणकराचा धंदा शिकलेला हा माणूस पुढे ॲथॉलच्या ड्यूक घराण्याच्या आश्रयाने स्कॉटलंडचा सर्वांत नावाजलेला फिडलवादक झाला. १७८७ मध्ये कवी रॉबर्ट बर्न्सने डंकेल्डला त्याची भेट घेतली आणि हेन्री रेबर्नसारख्या चित्रकाराने टार्टन या चौकटीच्या कापडाच्या तुमानीतले त्याचे व्यक्तिचित्र रंगवले. त्याची दुसरी पत्नी मार्गारेट अर्कर्ट १८०५ मध्ये वारली आणि १ मार्च १८०७ रोजी तो स्वतः गेला.

या तारखा हाताशी असल्या, की दालनातील शोध बराच सोपा होतो. गाऊ कुटुंबाचे पहिले चार संग्रह १७८४, १७८८, १७९२ आणि १८०० या वर्षी निघाले, तेव्हा मार्गारेट हयात होती. त्यामुळे ही विलापिका त्यांत असण्याचा प्रश्नच नव्हता. ती सापडते १८०९ च्या पाचव्या संग्रहात, म्हणजे नीलच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा नथॅनिएल याच्या देखरेखीखाली निघालेल्या पुस्तकात. वडिलांनी इन्व्हर सोडले नाही, तर मुलाने एडिनबऱ्यात जाऊन वादक आणि संगीत-प्रकाशक म्हणून बस्तान बसवले. नीलची कीर्ती आजवर टिकली, त्यात त्याच्या वादनाइतकाच नथॅनिएलच्या छपाईचाही वाटा आहे, असे माझे मत आहे.

पहिल्या, १७८४ च्या संग्रहाचे मुखपृष्ठ आवर्जून मोठे करून पाहण्याजोगे आहे. स्ट्रॅथस्पे रीलांचा, म्हणजे स्कॉटिश नाचाच्या सुरावटींचा, हा संग्रह ‘अत्यंत नम्रपणे’ ॲथॉलच्या डचेसला अर्पण केलेला आहे आणि कर्त्याची ओळख केवळ ‘डंकेल्डचा नील गाऊ’ एवढीच आहे. आतल्या पानांवर प्रत्येक सुरावटीच्या दोन ओळी एकाखाली एक येतात: वरची फिडलची आणि खालची चेलो (व्हायोलिनच्या जातीचे मोठे वाद्य) किंवा हार्प्सिकॉर्ड (पियानोसारखे पट्ट्यांचे जुने वाद्य) यांसाठी दिलेली खर्जाची. आजच्या बहुतेक पुस्तकांत आणि संकेतस्थळांवर यातली खालची ओळ गाळलेली असते, आणि त्यामुळे फिडल हे एकट्याने वाजवायचे वाद्य असल्याचा समज पक्का होतो. प्रत्यक्षात नाचाच्या कार्यक्रमांत नीलच्या शेजारी त्याचा भाऊ डोनाल्ड चेलो घेऊन बसत असे. १७८० च्या सुमारास डेव्हिड ॲलनने रंगवलेल्या डोंगराळ मुलखातील लग्नाच्या चित्रातही ही जोडी दिसते. खालची ओळ एकदा शेजारी वाजवून पाहिली, की वरच्या ओळीतले लयीचे धक्के नाचणाऱ्यांच्या पावलांना कसा आधार देत असतील, हे लगेच ध्यानात येते.

ग्लेन संग्रहाचा स्वतःचा इतिहासही गाऊच्या कथेला येऊन भिडतो. एडिनबऱ्याचे जॉन ग्लेन यांनी जमवलेली ही पुस्तके लेडी डोरोथिआ रगल्स-ब्राइस यांनी १९२७ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाला भेट दिली, ती १९१४ साली फ्रान्समध्ये लढताना मारल्या गेलेल्या आपल्या भावाच्या स्मरणार्थ. लेडी डोरोथिआ या सातव्या ड्यूक ऑफ ॲथॉल यांच्या कन्या होत्या. ज्या घराण्याने नील गाऊला आश्रय दिला, त्याच घराण्यातील मुलीच्या देणगीमुळे त्याची पुस्तके आज कोणालाही उघडता येतात, ही गोष्ट दालनाच्या पहिल्याच पानावर ठळकपणे सांगण्यासारखी आहे.

या सेवेचा खरा उपयोग मात्र श्रेय तपासताना कळतो. गाऊंनी इतरांच्या सुरावटी नावे बदलून किंवा कर्त्याचा उल्लेख टाळून छापल्या, ही तक्रार त्यांच्या हयातीतच सुरू झाली होती. तक्रार करणाऱ्यांत ड्यूक ऑफ गॉर्डनच्या पदरी कारभारी असलेला, घड्याळे आणि यंत्रे यांतही गती असलेला विल्यम मार्शल प्रमुख होता. मार्शलचा पहिला संग्रह १७८१ चा, म्हणजे गाऊच्या पहिल्या संग्रहाच्या तीन वर्षे आधीचा आहे. खुद्द जॉन ग्लेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिशेब मांडून, नीलच्या नावावरच्या सुमारे ८७ सुरावटींपैकी किमान चौथा हिस्सा जुन्या सुरावटींवरून घेतलेला असल्याचे म्हटले. ग्लेन यांचा सूर मला जरा जास्तच कडक वाटतो, कारण त्या काळी नाचासाठी वाजवणारे सगळेच एकमेकांच्या सुरावटी उचलत आणि वळवत असत. तरीही गाऊ आणि मार्शल यांची पुस्तके दोन खिडक्यांत शेजारी उघडून ताडून पाहण्याची सोय मिळाल्यावर वाचकाला कोणाच्याही मतावर विसंबून राहण्याचे कारण उरत नाही. विलापिकेच्या बाबतीत असा वाद नाही; ती नीलचीच.

आता मर्यादांविषयी. हे दालन छापलेले पान दाखवते आणि तिथेच थांबते. सुरावट ऐकवण्याची सोय त्यात नाही, त्यामुळे नोटेशन न वाचणाऱ्याला त्याचा उपयोग चित्रे पाहण्यापुरताच आहे. नोटेशन वाचणाऱ्यालाही पानावरून सगळे कळत नाही. नील अठरा वर्षांचा असताना झालेल्या एका स्पर्धेत जॉन मॅक्रॉ या अंध परीक्षकाने, शंभर वादकांतूनही आपण नीलचा गज ओळखू शकू, असे सांगून त्याला पहिला क्रमांक दिला होता. गज वरच्या दिशेने जोरात ओढण्याची त्याची ती लकब छापील खुणांमध्ये मुळीच उतरलेली नाही. त्यासाठी आजच्या चांगल्या स्कॉटिश वादकांची ध्वनिमुद्रणे ऐकण्यावाचून गत्यंतर नाही. शोधपेटीचाही एक बारकावा लक्षात ठेवावा: जुन्या छपाईत एकाच माणसाचे, गावाचे आणि सुरावटीचे स्पेलिंग वेगवेगळे येते, म्हणून पूर्ण शीर्षक टाकून शोधण्यापेक्षा संग्रहाचे वर्ष धरून पाने उलटत जाणे अधिक फलदायी ठरते.

व्हायोलिन शिकणाऱ्यांना, संगीताच्या अभ्यासकांना आणि सुरावटीखाली कर्त्याचे नाव लिहिण्यापूर्वी खात्री करून घेणाऱ्या कोणालाही मी ही सेवा निःशंकपणे सुचवीन. गाऊंचे संग्रह पाहून झाले, की मार्शलचा १८२२ चा मोठा संग्रह उघडावा. त्यात त्याने आपल्या सुरावटी अखेर स्वतःच्या नावाने एकत्र आणल्या आहेत, आणि रचनाकार म्हणून तो नीलपेक्षा वरचढ होता की नाही, याचा निवाडा फिडल हातात घेऊनच करता येईल.