मनकामना केबल कार, नेपाळ: आई-बाबांना घेऊन जाताय तर इथे थांबाच

नाशिकहून नेपाळला जाणारे बहुतेक जण पशुपतिनाथ, पोखरा आणि जमलं तर मुक्तिनाथ असं धरून निघतात आणि मनकामना वाटेवरच असून गाडी सरळ पुढे जाते, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहितेय. काठमांडूहून पोखऱ्याला जाताना साधारण 100 किमीवर कुरिनटार लागतं, तिथून ही केबल कार वर मनकामना देवीच्या डोंगरावर जाते.

आपल्याकडे सप्तशृंगी गडावर 2018 पासून ट्रॉली आहे, ती रुळावरून चढते. इथे तारेला लटकलेले छोटे डबे आहेत, एकात सहा जण बसतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात, गडावर ट्रॉली झाल्यापासूनच त्या परत जायला लागल्यात, त्यामुळे त्यांना हा प्रकार झेपेल की नाही ही धाकधूक होती. पण डबा स्टेशनात एकदम हळू होतो, तिथली पोरं "आमा, बिस्तारै" (आई, हळू) म्हणत हाताला धरून बसवतात, कुठे घाई नाही, ओरडाआरडा नाही. मला सगळ्यात जास्त हेच आवडलं. निघाल्यावर लगेच खाली त्रिशूली नदी दिसते, मग डोंगरउतारावरची पायऱ्यापायऱ्यांची शेतं, मधेमधे घरं. अंतर 2.8 किमी, दहा मिनिटांत वर. खालचं स्टेशन 258 मीटरवर आणि वरचं 1302 मीटरवर, म्हणजे हजार मीटरच्या वर चढ, कान बंद होतात, पोरांना चॉकलेट चघळायला द्या. 1998 मध्ये हे सुरू झालं, त्याआधी लोक कित्येक तास चढून यायचे.

वर उतरल्यावर मंदिरापर्यंत चालावं लागतं बरं का, बाजारातून पायऱ्यापायऱ्यांनी, आणि हे कोणी आधी सांगत नाही. सासूबाई बसत बसत आल्या, दुकानदार बायका स्वतःहून स्टूल पुढे करत होत्या. मंदिर पॅगोडासारखं, दोन छपरांचं, 2015 च्या भूकंपात नुकसान झालं होतं ते नंतर नीट करून घेतलंय. पुजारी मगर या नेपाळमधल्या समाजाचे असतात, पिढ्यान् पिढ्या एकाच घराण्यात ती पूजा आहे, हे ऐकून सासूबाईंनी त्यांना वणीच्या देवीबद्दल भरभरून सांगितलं, अर्धं मराठी अर्धं हिंदी, आणि त्यांनीही मान डोलवत सगळं ऐकून घेतलं. मला तेव्हा खरंच भरून आलं, परक्या देशात आलोय असं वाटलंच नाही.

एक गोष्ट आधीच माहीत असावी. इथे बोकडबळी देतात. बोकडाचंही केबल कारचं तिकीट असतं, ते फक्त वर जायचं. मंदिराच्या आवारात ते सगळं नजरेला पडतं, ज्यांना त्रास होतो त्यांनी लहान मुलांना दर्शन झालं की लगेच बाजूला घ्यावं. आमची धाकटी बराच वेळ गप्प होती.

खाली जेवण साधं, डाळ-भात-तरकारी, सोबत गुंद्रुक (आंबवून वाळवलेली पालेभाजी) मागा, आंबटसर असतं, आम्हाला जाम आवडलं.

शनिवारी जाऊ नका. तिकडे सुट्टी शनिवारी असते, लोटच्या लोट येतात, दसऱ्यात तर विचारूच नका. पोखऱ्याच्या रस्त्याला आम्ही गेलो तेव्हा रुंदीकरणाचं काम आणि प्रचंड धूळ होती, म्हणून काठमांडूहून पहाटेच निघा. आणि विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट नाहीतर मतदार कार्ड घ्या, मोठ्या माणसांना आधारवर सोडत नाहीत, 65 च्या वरच्यांना आणि 15 च्या आतल्यांना चालतं.